तेहेतिसाव्या दिवशी काढलेली दाढी

ति. बाबांस, ल्युब्लियानाहून वुकाशिनचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आई गेल्यावर आपल्या रीतीप्रमाणे चाळीस दिवस दाढी राखायची होती, पण तेहेतिसाव्या दिवशीच काढली. मुकादम म्हणाला, "दाढीवर मास्क बसत नाही. सिमेंटची धूळ छातीत गेली तर तुझ्या बापाला काय सांगू?" त्याचंही खरंच होतं.

आत्याला एवढ्यात सांगू नका.

दाढी उतरली आणि आरशात आईची हनुवटी दिसली. तिच्या मातीला माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, तुम्ही पाहिलंतच. काल मात्र मोरीत बसून रडलो.

तुम्ही चूल पेटवता, की थंडच खाता? खरं लिहा. चाळिसाव्याला येतोय. मला असाच, बिनदाढीचा, घरात घ्या.

तुमचा,
वुकाशिन