आभाळाकडे बघणारा फिटर

सर,

काल तो पुतळा पुन्हा बघून आलो आणि आज हे पत्र लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. आपली कंपनी गेली. शेड पाडल्या, जागा विकली, आणि जिथं तुम्ही आम्हा अ‍ॅप्रेंटिसांना शिकवायचात तिथं आता काचेच्या चार इमारती उभ्या आहेत, मान मोडेल एवढ्या उंच. मधे चकचकीत फरशीचं पटांगण, कारंजं, कॉफीचं दुकान, आणि बरोबर मधोमध एक कामगार. दोन मजली उंच. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात उगारलेली हातोडी. खाली काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत ‘श्रमाला सलाम’. शी! ज्यांनी शेड पाडल्या तेच सलाम ठोकतायत. मी बुटावर टिचकी मारून बघितली सर, आत पोकळ आहे. फायबर, आणि वरून तांब्याचा रंग.

छिन्नीचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं पसरलेलं दाखवलंय. तुम्हाला अशी छिन्नी कुणाच्या हातात दिसली की हिसकावून घ्यायचात आणि त्याला ग्राइंडरकडे पिटाळायचात, तुकडा उडून डोळा जाईल म्हणून. सदऱ्याच्या बाह्या वाऱ्यावर फडफडतायत. हेही मी एक वेळ गिळलं असतं. पण नजर बघा त्याची, नजर! हातोडी खाली यायच्या बेतात आहे आणि हा गडी आभाळाकडे बघतोय, वर हसतोय. कुठं मारणार आहे, स्वतःच्या मनगटावर? लोक त्याच्या पायाशी वाढदिवसाचे केक कापतात, बोटाचं क्रीम त्याच्याच बुटाला पुसतात, मागच्या बाजूला गुटख्याच्या पिचकाऱ्या. मला बघून किळस येते.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: मी सतरा वर्षांचा आहे. चिखलीहून सायकल हाणत आलोय, बेंचला लावलेल्या व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडलाय आणि भीतीपोटी छिन्नीच्या डोक्याकडे टक लावून बघतोय. डोक्यावर नजर ठेवली की घाव चुकणार नाही असं मला वाटतं. तिसऱ्या घावाला अंगठा चेचतो. तुम्ही येता, फडक्याची पट्टी फाडून बांधता आणि म्हणता, “गाढवा, डोकं बघून काय मिळणार? काम धारेशी चाललंय ना? मग धार बघ. हातोडीचं हातोडी बघून घेईल.” मला पटत नाही. मग तुम्ही पुठ्ठ्याचा एक तुकडा आणता आणि माझ्या हनुवटीखाली आडवा धरता, म्हणजे मला हातोडीही दिसू नये आणि छिन्नीचं डोकंही, फक्त धार दिसावी. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तुम्ही तो पुठ्ठा धरून उभे होता. तेवीस पोरं होती वर्गात. एकट्या माझ्यासाठी उभे होता. त्यानंतर चाळीस वर्षांच्या नोकरीत माझं बोट कधी चेचलं नाही, सर.

शिकणं संपलं त्या दिवशी तुम्ही मला तुमची स्वतःची छिन्नी दिलीत. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलेली, डोकं कसं गुळगुळीत. “धार माझी आहे, नजर तुझी ठेव,” म्हणालात. ती अजून माझ्याकडे आहे.

तर काल. आयटीआयची वीसेक पोरंपोरी त्या पटांगणात आणली होती. त्यांचे सर तरुणच होते. “चला, सगळ्यांनी त्याच्यासारखं उभं राहा, फोटो होऊ द्या,” म्हणाले. सगळ्यांनी रिकाम्या मुठी उगारल्या आणि माना वर केल्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. फोटो झाल्यावर एक पोरगी माझ्याजवळ आली. अंगठ्याला पट्टी होती तिच्या.

“काका, तुम्ही इथल्या जुन्या कंपनीतले का?”

“व्हय.”

“मग छिन्नी मारताना असं वर बघतात? आमचे सर तर धारेवर बघा म्हणतात.”

“सर बरोबर सांगत्यात पोरी. ज्यानं हे केलंय त्या मूर्तीवाल्याला काय कळतंय? जन्मात हातोडी धरली न्हाई त्यानं.”

ती हसली. एकदा माझ्याकडे, एकदा वर बघत म्हणाली, “पण तुमच्यासारखाच दिसतोय हो हा.”

“कामगार समदे सारखेच दिसत्यात,” म्हणालो आणि काढता पाय घेतला.

सर, मूर्तीवाल्याचा दोष नाही. पसरलेलं डोकं आणि उडत्या बाह्या त्याच्या, ते शोभेसाठी. नजर माझी आहे. त्याला नमुना म्हणून समोर उभा करायला एक जुना फिटर हवा होता, म्हणून आमच्या चिखलीतल्याच त्याच्या शेडमध्ये मी गेलो होतो, लग्नाच्या लॉनसाठी केलेल्या हत्ती-घोड्यांच्या गर्दीत. तुमची छिन्नी घेऊन गेलो होतो. त्यानं व्हाइसमध्ये खरं लोखंड लावलं होतं. म्हणाला, “काका, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही रोज करायचात तसंच करा.” फोटोवाला पोटमाळ्यावर चढला होता. धारेवर बघितलं तर फोटोत नुसतं टक्कल येईल, असं माझ्या मनात आलं. मी वर बघितलं. हसलो पण. मूर्तीवाल्यानं हातातली वही खाली केली आणि विचारलं, “काका, खरंच असं वर बघतात?”

“व्हय,” म्हणालो. “हाताला सवय असती.”

त्यानं निघताना पुन्हा एकदा विचारलं होतं सर. दोन्ही वेळा मी व्हय म्हणालो. आता पुतळ्याकडे बघून ज्या माणसाची किळस येते तो मीच आहे, आणि वीस पोरं माझ्याकडे बघून चुकीचं उभं राहायला शिकून गेली.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या छिन्नीच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. पुढच्या आठवड्यात त्या आयटीआयमध्ये जाऊन पोरीला खरं सांगेन असं आत्ता लिहिणार होतो, पण तुमच्यापुढे खोटं बोलवत नाही. काल ती ‘तुमच्यासारखाच दिसतोय’ म्हणाली ना, तेव्हा मला बरं वाटलं.