जिन्यावरचा बंदोबस्त

४ जानेवारी
आज चौकीतल्या पोलीसबाई बिल्डिंगमध्ये आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, रहिवाशांनी डोळे उघडे ठेवले तर अर्ध्या चोऱ्या तिथेच थांबतात, कमिटी करा. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मी हात वर केला. मुलगा म्हणाला, आई, तुझ्या गुडघ्यांचं काय? म्हटलं, चोर पकडायला डोकं लागतं, गुडघे नाही.
पोलीसबाईंकडे रजिस्टर आहे, मग माझ्याकडे का नको? चौथीपर्यंत शिकले. चोरांना तेवढं पुरे.
संकल्प : महिनाभरात चोरी बंद.

५ जानेवारी, सकाळी ७
पहिला राउंड. नर्सबाईंचा लाल स्वेटर कठड्यावर वाळत टाकलेला, बाई ड्युटीवर. म्हणजे चोराला आमंत्रणच. उचलला, आणून माझ्या दिवाणात ठेवला. विचारत येतील तेव्हा देईन, चार शब्द सुनावून. आयतं मिळालं की माणसाला किंमत नसते.

७ जानेवारी
मास्तरांच्या स्कूटरला किल्ली लटकलेली. आणि हे पोरांना शिस्त शिकवतात! काढून आणली. दुपारी मास्तर स्कूटर ढकलत गॅरेजकडे. पोट सुटलंच होतं, बरं झालं.

८ जानेवारी
कमिटी असूनही चोऱ्या! नर्सबाईंनी चौकीत तक्रार दिली. लाल स्वेटर गेला म्हणे. म्हणजे बाईंकडे दोन लाल स्वेटर होते. एक माझ्याकडे सुखरूप, दुसरा त्या मेल्याने नेला. पगार बरा दिसतो.
मास्तरांचीही किल्ली गेली. ती डुप्लिकेट असणार.

१० जानेवारी
गुडघे दुखतात. राउंड फक्त दुसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत. टेलर कात्री ओट्यावर टाकून चहाला गेला होता. मी दहापर्यंत आकडे म्हटले, आला नाही. आणली. दिवाणात जागा कमी पडतेय. सुनेच्या रजया एका बाजूला सारल्या.

१२ जानेवारी
खाली जिन्यापाशी मीटिंग. टेलरचीही तक्रार. याच्याकडेही दोन कात्र्या! सोसायटीचे सेक्रेटरी घामाघूम. म्हणाले, दिवसभर जिन्याखाली असतं कोण? सगळ्यांनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, रविवारपर्यंत टेबल हलव. पोलीसबाई म्हणाल्या, पुरावा काय? सेक्रेटरी म्हणाले, पुरावा नसेल, पण जागा सोसायटीची आहे. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला.
बारा वर्षं तिथे उभा आहे. दोन मुली त्या टेबलावर शिकल्या. आता जाणार कुठे? आणि मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, या माणसाला चोरी जमणार नाही. माझ्या साडीची घडी अजून सरळ जमलेली नाही.
संकल्प : रविवारच्या आत खरा चोर हजर करणार. कुणावर उपकार म्हणून नाही. माझ्या हद्दीत चुकीचा माणूस धरलेला शोभत नाही.

१४ जानेवारी, दुपारी
सापळा लावला. माझा नवा स्टीलचा डबा जिन्यात ठेवला, दाराच्या फटीतून दोन तास पहारा. (मध्ये जरा डोळा लागला. चोराला गाफील ठेवायला ते लागतंच.) चोर आला नाही. उलट डब्याशेजारी कुणीतरी हेल्मेट ठेवून गेलं. सापळ्याची जागा अडवतात! हेल्मेट आत घेतलं.

१५ जानेवारी, शनिवार
पोलीसबाईंना चहाला बोलावलं. माझा अंदाज सांगितला : चोर आतलाच. कोण कधी घरात नसतं ते त्याला पाठ. पायांचा आवाज नाही. वरून इतका सभ्य की संशय कुणाला येणार नाही. बाई भराभर लिहीत होत्या.
तेवढ्यात सून म्हणाली, उठा जरा, पाहुण्यांसाठी रजई काढायची आहे. दिवाण उघडला.
बाईंनी दिवाणात पाहिलं. रजिस्टरमध्ये पाहिलं. पुन्हा दिवाणात. मी समजावून सांगितलं, हे वाचवलेले नग, चोरीला गेलेले वेगळे. मुलाने कपाळावर हात मारला. सून मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून हसली. मला काय ऐकू येत नाही?
बाई म्हणाल्या, आजी, तुम्ही चोराचं वर्णन मात्र तंतोतंत केलंत.
खात्यातल्या माणसालाच पारख असते.

१६ जानेवारी, रविवार
नग परत गेले. आभार एकानेही मानले नाहीत. इस्त्रीवाल्याचं टेबल राहिलं. त्याची माफी मी मागावी असं मीटिंगमध्ये ठरलं. मी का? धरला सेक्रेटरींनी! तरी खाली गेले. म्हटलं, राहू दे बाबा तुझं टेबल. तो म्हणाला, आजी, बारा वर्षांत तुमच्या तोंडून पहिला गोड शब्द ऐकला. म्हटलं, घडी नीट घाल, दुसराही ऐकशील.
मग पोलीसबाईंनी त्याला कमिटीत घेतलं. कानात काहीतरी सांगितलं, दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी जिन्यात दिसले की तो काम थांबवतो आणि मी दिसेनाशी होईपर्यंत नजर हलवत नाही. अशी कामं केली की माणसाला शत्रू होतात, संरक्षण द्यावंच लागतं. या बिल्डिंगमध्ये ते मिळालेली मी पहिलीच.
फक्त वर जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते.