आमचा माणूस उद्या तुमच्या घरी येईल

तीर्थस्वरूप आत्येस, तुझ्या एकुलत्या एक, जन्मापासून कुठेही न बदललेल्या भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. सर्दी कशी आहे? गुडघे काय म्हणतात? तू चार दिवस दाराला आतून कडी घालून आणि वर शिवणयंत्र आडवं लावून बसली आहेस, असं खालच्या शेजारीणबाई म्हणाल्या. फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा खटाटोप. शुक्रवारचं इंजेक्शन तू चुकवलंस. डॉक्टर म्हणाले, एक चुकलं ते चुकलं, आता आणखी उशीर केला तर मी जबाबदार नाही. तेव्हा रागव, शिव्या दे, पण हे शेवटपर्यंत वाच आणि इंजेक्शनवाल्या नर्सबाईंना आत घे.

मी टीव्हीच्या वाहिनीत कामाला आहे हे तू जगाला सांगत असतेस (तो पडद्यावर कधी दिसणार असं कोणी विचारलं की ‘लवकरच’ म्हणतेस, ते आधी बंद कर). मी बसतो तळघरात, तक्रार विभागात. कोणाचं चित्र गेलं, कोणाचा आवाज गेला, की फोन आमच्याकडे. टेबलावर एक पुठ्ठा आहे, त्यावरचं उत्तर वाचायचं आणि फोन ठेवायचा. पुठ्ठ्याबाहेरचा शब्द तोंडातून गेला की साहेब (आम्ही त्यांना ठोकळा म्हणतो, तूही म्हण) लेखी खुलासा मागतात. गेल्या महिन्यात विज्ञानकथांची मालिका सुरू झाली. दर बुधवारी नवी गोष्ट, नवी माणसं, मागच्याशी काही संबंध नाही. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घ्यायचं कामही ठोकळ्यानं आमच्याच गळ्यात मारलं. नवा पुठ्ठा मात्र छापला नाही.

पहिले तीन आठवडे मजेत गेले. एका निवृत्त भूमितीच्या मास्तरांनी विज्ञानाच्या सतरा चुका आकडे घालून सांगितल्या. एक आजोबा दर गुरुवारी काळजीनं विचारायचे, मागच्या वेळचा मुलगा काल दिसला नाही, गेला का हो बिचारा? मग आला चौथा भाग. तू पाहिलाच आहेस, मी कशाला सांगू (तरी सांगतो). करड्या कोटातली माणसं हातात बॅग घेऊन घरोघरी येतात. चेहरा आपल्या माणसाचा, आवाज आपल्या माणसाचा. ‘मीच आहे’ म्हणतात, आणि दार उघडलं की खेळ खलास.

गुरुवारी सकाळपासून फोन थांबेना. एका दाताच्या डॉक्टरांचे पेशंट म्हणत होते, आधी तुम्ही तोंड उघडून दाखवा. एका बाईंचा नवरा दोन दिवसांपासून त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेत होता. तो बदललेला असेल तर कृपया परत नेऊ नका, अशी त्यांची विनंती होती. दुपारपर्यंत मी हसत होतो. नंतर लोक कुजबुजत बोलायला लागले, तेव्हा माझं हसू आटलं. आणि या सगळ्यांना मी इमानेइतबारे पुठ्ठा वाचून दाखवत होतो: घाबरू नका, आपला पत्ता आमच्याकडे आहे, आमचा माणूस उद्या सकाळी आपल्या घरी येईल, कृपया दार उघडं ठेवावं. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, समाधान झालं.

त्रेचाळिसावा फोन तुझा होता. तू विचारलंस, अहो, हे असलं खरंच असतं का? आणि मी, तुझ्या हातचं खाऊन वाढलेला गाढव, तुझा बसलेला आवाज ओळखला नाही. तुलाही पुठ्ठाच ऐकवला. तू मात्र माझा आवाज पहिल्या शब्दाला ओळखलास, हे शुक्रवारी तू दाराआडून सांगितलंस तेव्हा कळलं. याची मला इतकी लाज वाटते, आत्या, की काय सांगू. त्यात शुक्रवारी सकाळी खरोखरच नर्सबाई दारात हजर, करडा कोट, हातात बॅग, आणि त्यांच्यामागे धावत आलेला मी. ‘आत्या, मीच आहे’ असं ओरडायची दुर्बुद्धी मला कुठून झाली देव जाणे!

मी खुणा सांगितल्या. गुडघ्यावरचा वण सांगितला, तिसरीत नापास झालो ते सांगितलं, तुझ्या कपाटातला खोट्या दातांचा जुना जोड सांगितला (तो शेजाऱ्यांनीही ऐकला, माफ कर). आतून तू म्हणालीस, त्यांना सगळंच माहीत असतं. चार दिवस मी मीच आहे हे सिद्ध करतोय आणि माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त मी आहे. पण ती सगळी गोष्ट कोणीतरी खुर्चीत बसून रचलेली आहे गं. असलं काही नसतं. मी स्वतः त्या इमारतीत काम करतो, मला मुळीच भीती वाटत नाही.

तुझा, अगदी तुझाच,
भाचा

ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. दाराखालून मीच सरकवलंय आणि बाहेर पायरीवर बसलोय. नर्सबाईंना पाच वाजता बोलावलंय, साध्या कपड्यांत.

आणखी एक. मुळीच भीती वाटत नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. काल दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. भिंगातून पाहिलं तर तू. नाक लाल, हातात डबा. म्हणालीस, अरे, मीच आहे, उघड. मी श्वास रोखून दाराला पाठ लावून उभा राहिलो, पावलं जिना उतरून जाईपर्यंत. ती तूच होतीस ना, आत्या? असशील तर दार उघड आणि दोन थोबाडीत दे, मी हू की चू करणार नाही. आणि नसशील, तर त्याहून लवकर उघड. पाच वाजायला अजून तास आहे, आणि जिन्यावरून कोणीतरी वर येतंय.