जोडउडी आणि व्याह्यांचा पास

महाड, सोमवार

ती. कालिंदीताईस,

तुझ्या धाकट्या अवधूतचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझी कंबर आणि भाऊजींची साखर आटोक्यात आहे असं धरून चालतो. गेल्या वर्षभरात माझ्या हातून घडलेल्या वस्तू अशा: पत्त्यांचं घडीचं सागवानी टेबल एक, तीस इंच बाय तीस इंच (चारही कोपरे काटकोनाच्या गुण्याने तपासलेले, सुताराला उंबरा ओलांडू दिलेला नाही). त्यावर हिरवं जाड कापड, मीच ताणून ठोकलेलं. ब्रिजची बोली तोंडाने न करता पाट्या मांडून करतात, त्या पाट्यांच्या पेट्या चार. दर पेटीत बोलीच्या पाट्या पस्तीस, शिवाय पास वगैरे. सगळ्या आपल्या ओवीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांतून कापलेल्या. (त्यामुळे 'पास'च्या पाठीमागे 'कृपया आहेर आणू नये' आलं आहे. त्याला इलाज नव्हता.) आणि शेवटची वस्तू म्हणजे जोडउडी. ती लाकडाची नाही, डोक्यातली आहे, आणि घोळ तिनेच केला.

ब्रिज मी कोणाकडे शिकलो नाही. रद्दीत एक पुस्तक मिळालं, पहिली चाळीस पानं नसलेलं. म्हणजे मी एक्केचाळीसपासून पुढचा तज्ज्ञ आहे. तू मेंढीकोट खेळणारी, म्हणून सोपं करून सांगतो. समोरच्या भिडूने बदामाची बोली लावली आणि माझ्याकडेही बदाम असले, तर सगळं जग 'मलाही बदाम चालेल' एवढंच कळवतं. पण बदाम चार असून वर किलवरही दणकट असेल, तर मी एक पायरी गाळून थेट किलवरवर उडी मारतो. अर्थ असा: हुकूम तुझाच, बदामाचा, शिवाय बाजूला माझी ही किलवरची फौज. तू नाही का स्थळ सांगताना मुलीचं सगळं सांगून झाल्यावर 'आणि मामाची महाडजवळच्या नाते गावात आंब्याची बाग आहे' असं जोडतेस? तसंच. बाग सांगितली म्हणून कोणी बागेशी लग्न लावत नाही. भिडूने बदामावर परत यायचं असतं. (पुस्तकात या उडीला भलतंच नाव होतं. मराठी नाव माझं.)

माझा भिडू म्हणजे ओवीचे सासरे, पोलादपूरकडच्या उमरठचे कुशाबा. सोयरीक तूच जमवलेली. मुंबईच्या एका क्लबात तीस वर्षं साहेबांना चहा देता देता त्यांनी डाव पाहिले. खेळतात असे, की बावन्न पत्ते पारदर्शक असावेत. पण बोलीत जुन्या वळणाचे. तीन रविवार मी त्यांना जोडउडी शिकवली. शेवटी म्हणाले, "उडी चांगली हाय व्याही. पन उड्या मारणाऱ्या सायबांचा चहा कायम थंड व्हायचा."

तर तालुक्याच्या स्पर्धेचा शेवटचा डाव, तोही मी नेलेल्या माझ्याच टेबलावर. तोवर आम्ही पहिले होतो. व्याह्यांनी बदाम एक मांडला. मध्ये दातांच्या डॉक्टर मंगेशनी इस्पिक एक मांडला. माझ्या हातात बदामाचे राजा, गुलाम, नव्वी, चौवी. किलवरचे एक्का, राजा, राणी, दश्शी, पंजी. इस्पिक एकच, आणि चौकट तीन (किरकोळ). इतकी निर्मळ जोडउडी माणसाला जन्मात एकदा येते. मी 'किलवर तीन'ची पाटी मांडली, टेबलाच्या कडेला समांतर. व्याह्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान आदराने लववली आणि पास मांडला. ताई, बागेशी लग्न लागलं! त्यांच्याकडे किलवरचं पान एकच. बदाम दोघांत मिळून नऊ, त्यात बारा हात बसल्या जागी निघाले असते. किलवरमध्ये नऊ हवे होते (तीनची बोली म्हणजे सहावर तीन), झाले सात.

मी पडलो मुलीकडचा, मुलाच्या बापाला काय बोलणार? फक्त एक पत्ता जरा जोरात टाकला, आणि टेबलाचा डावा पाय दुमडला (बिजागरी बाजारची होती, माझी नव्हे). ब्रिजमध्ये डाव खेळणाऱ्याच्या भिडूचे पत्ते उघडे मांडतात, त्यामुळे व्याह्यांना काम नव्हतं. त्यांनी टेबलाचा कोपरा मांडीवर घेतला आणि डाव संपेपर्यंत पेलला. आम्ही दुसरे आलो (अलिबागच्या पुढच्या स्पर्धेला पहिल्या दोन जोड्या जातात). निघताना म्हणाले, "माझ्यापायी नंबर गेला, टेबल पन मोडला. अलिबागला दुसरा भिडू बघा, मी नाय येत," आणि पोलादपूरच्या एसटीत बसले. त्याला आज सोळा दिवस झाले. टेबलाचा पाय मी दुसऱ्याच दिवशी बसवला.

बाकी काम काही नाही. सहज लिहिलं.

तुझा,
अवधूत

ता. क. १: अलिबागची स्पर्धा येत्या रविवारी आहे आणि मला दुसरा भिडू नको आहे. तू व्याह्यांना फोन करून जोडउडीवर पास करायचा नसतो एवढंच समजाव. मी बोललो तर तो मुलाकडच्यांचा अपमान होईल. माझं नाव नको.

ता. क. २: पाकीट चिकटवणार तोच ओवीचा फोन आला. सासरे रोज पडवीत एकटेच चौघांचे पत्ते वाटून बसतात म्हणे. तिने विचारलं, बाबांची उडी आठवली नव्हती का? तर म्हणाले, "आठवली नाय कशी गो? पाठ हाय. पन लग्नात तारीख आमची, मांडव आमच्या दारात, पंगतीत भाजी पन आम्ही सांगितली ती. तुझ्या बापानं हूं का चूं केलं नाय. तो मानूस एवढी उडी मारून किलवर म्हणतो, त्यावर पुन्हा आपलाच बदाम पुढं करू? म्हटलं, पत्त्यात तरी व्याह्यांचं राहू दे."

तेव्हा ता. क. १ रद्द. (अक्षर चांगलं आलं आहे म्हणून पत्र फाडत नाही.) त्यांना एवढंच सांग, की हुकूम त्यांचाच असावा हे माझ्याही मनात होतं. उडीचा अर्थच तो.

ता. क. ३: डॉक्टर मंगेशचा भिडू परगावी चालला आहे. टेबल, चारही पेट्या आणि अलिबागला भिडू म्हणून मी, अशी सगळ्याची मिळून त्यांनी मला बोली लावली होती. मी पास म्हटलं. हे व्याह्यांच्या कानावर घालायला हरकत नाही, मात्र रक्कम नीट सांग, मागच्या खेपेसारखी गोल करू नकोस: सव्वीस हजार पाचशे रुपये.