तिसऱ्या गिअरचा आवाज

अमरावती,
८ ऑगस्ट

प्रिय चंदन,

अक्षर तू ओळखलं असशीलच. पाकीट फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. राग धरायचा असेल तर त्यानंतर धर, मी अडवणार नाही.

तुझा चेन्नईचा पत्ता कौशल्याकाकूंनी दिला. गेल्या आठवड्यात अकोल्याला डॉक्टरांकडे काम होतं, तिथून जठारपेठेत तुमच्या घरी गेले. काकूंचा गुडघा अजून दुखतो, पण मला बसवून स्वतः चहा केला. तुझा नवा नंबर मागितला तर ओशाळल्या. म्हणाल्या, "तो रागावते वो पोरी. नंबर कोनालेच देऊ नको म्हने. पत्त्याचं मात्र काई बोल्ला नाई." म्हणून हे पत्र. डॉक्टरांकडे कशाला गेली होतीस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

तू अकोल्याहून इंजिनिअरिंगला आलास आणि आमच्या साईनगरच्या घरी वरच्या खोलीत राहिलास, त्याला आता किती वर्षं झाली ते मोजत नाही. आई गेलेली होती. बाबा वरूडच्या बागांमधून संत्री आणून बाजारात घालत, आणि मी शाळेत शिकवून आल्यावर माझ्या दोन्ही भावांच्या, सख्ख्या शिवमच्या आणि मानलेल्या तुझ्या, पोळ्या करत असे. तू एकदा म्हणाला होतास, "ताई, तुमच्या घरी मले पाहुणा समजत नाईत, हे लय बरं हाये." पाहुणा समजायला तू सोय ठेवली होतीस कुठे? पहिल्याच आठवड्यात लोणच्याची बरणी संपवलीस.

बाबांची जुनी पिकअप तुम्ही दोघं त्याच काळात शिकलात. तिचा तिसरा गिअर खराब होता. चौथ्यातून तिसऱ्यात येताना असा दात खायचा की अख्खी गल्ली बाहेर यायची. मग तुम्ही युक्ती काढलीत. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून मग तिसरा टाकायचा. शिवम रेस एकदाच द्यायचा. तू दोनदा द्यायचास, आधी एक हलकी आणि लगेच एक दमदार. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले असत. वळणापलीकडून आवाज आला की गाडी दिसायच्या आधीच म्हणत, "चंदन चालवून राह्यला." एकदाही चुकले नाहीत.

आणि तुमचा तो दुसरा खेळ. न आलेल्या गाड्यांचा. मासिकात कुठल्यातरी झाकलेल्या गाडीचा अंधुक फोटो यायचा, काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांनी मढवलेली, आणि तुम्ही दोघं गच्चीवर त्यावरून तासन्‌तास भांडायचात. इंजिन पुढे असेल की मागे, छत किती उतरतं असेल, किती किलो भरेल. गाडी बाजारात आल्यावर ज्याचा अंदाज चुकला त्यानं पिकअप धुवायची. मला तेव्हा हे वेड वाटायचं. जी गाडी विकत घेणार नाही, जिच्यात बसणारही नाही, तिच्यासाठी एवढं काय? शिवमनं उत्तर दिलं होतं, "ताई, बसाचं नाईच हाये. कोनीतरी ते बनवून राह्यलं, त्याच्या डोक्यात काय चालू असन, ते शोधाचं हाये."

पुढे तू गाड्यांच्या कंपनीत लागलास, थेट चाचणी विभागात, आणि तो इथेच कॉलेजात शिकवू लागला. तुझ्या नोकरीचे पेढे त्यानं आमच्या गल्लीत स्वतः वाटले होते. त्यानंतर त्यानं फोनवरचा तो ग्रुप सुरू केला, न आलेल्या गाड्यांविषयी बोलणाऱ्या लोकांचा. वरूडपासून बेळगावपर्यंतची माणसं त्यात होती. मग तुझी कंपनी सर्किटवर पळवण्यासाठीच एक गाडी बांधते आहे, अशी कुणकुण लागली आणि पुढचं सगळं बिघडलं.

तुला वाटतं की त्यानं तुझ्याकडून काहीतरी काढून घेतलं. चंदन, मी त्या काळात याच घरात होते. त्यानं तुला मुद्दाम काही विचारलं नव्हतं. तू गुप्ततेच्या करारावर सही करून बांधला गेला आहेस हे त्याला माहीत होतं, म्हणून तर तुझा फोन आला की तो पाऊसपाण्याच्या गोष्टी करायचा. फोटोतल्या चाकांची रुंदी आणि ब्रेकच्या चकत्यांचा घेर कागदावर काढून त्यानं ग्रुपवर गाडीचं वजन सांगितलं. मागचा पंख, म्हणजे वाऱ्यानं गाडी खाली दाबून धरणारी ती आडवी फळी, कापडाखाली कशी दिसते त्यावरून, तो खालच्या खांबांवर उभा नसून वरून टांगलेला आहे, असं सांगितलं. दोन्ही अंदाज खरे निघतील हे त्यालाच वाटलं नव्हतं. तुझ्या साहेबांना मात्र वाटलं की अमरावतीच्या मास्तरला आतून कोणीतरी सांगतं, आणि आतला, वऱ्हाडातला, त्याचा मित्र असलेला माणूस एकच होता.

तुझी चौकशी लागली, तुला गाडीवरून उतरवून टेबलावर बसवलं, त्या संध्याकाळी तू फोन केलास. फोन स्पीकरवर होता. "माह्या नोकरीवर उठला तू, शिवम. कावून? चार लोकायनं वाहवा करावी म्हनून?" तो एवढंच म्हणाला, "चंद्या, ऐकून त घे." तू ऐकलं नाहीस. तुझ्या जागी मीही कदाचित ऐकलं नसतं. त्यानंतर तुझा नंबर बदलला.

पण त्या दिवशी फोन स्पीकरवर का होता, हे तुला ठाऊक नाही. त्याला फोन कानाशी धरता येत नव्हता.

त्याच्या दोन महिने आधी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्याच्या हातातून खडू पडला. पोरं हसली, तोही हसला. मग रोज पडू लागला. शर्टाची बटणं लागेनात. तुझ्या त्या फोननंतर नागपूरला दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की मज्जातंतूंचा आजार आहे. हात जातील, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. बुद्धीला काही होणार नाही, कानांना काही होणार नाही. डॉक्टर हे दिलासा म्हणून सांगत होते. तुला तेव्हाच कळवते म्हटलं तर त्यानं मला शपथ घातली. "त्याले वाटन का मी दया मांगून राह्यलो. त्याचा राग खरा हाये, तो खराच राहू दे." लग्न जमायच्या आधी आजार जमला, असं तो स्वतःच म्हणतो आणि मी हसले नाही की चिडतो.

कॉलेज सुटलं. आता मीच त्याला भरवते, मीच कूस बदलते. शाळेच्या वेळेत नत्थुजी येऊन बसतात, बाबांच्या वेळचे हमाल, तुला आठवत असतील. ग्रुपवर तो सांगायचा आणि मी टाइप करायचे. अशी मी गाड्या शिकले. वारा गाडीला खाली कसा दाबतो, टायर तापला की रस्ता कसा धरतो, हे आता माझ्या वर्गातल्या पोरांना सांगू शकेन इतपत कळतं.

गेल्या डिसेंबरात ग्रुपवर कोणीतरी एक छोटी चित्रफीत टाकली. तुमच्या चाचणीच्या ट्रॅकच्या कुंपणाबाहेरून काढलेली. गाडी दिसतच नव्हती, नुसती झाडं आणि पलीकडून जाणारा आवाज. तेव्हा ग्रुपवर एकच वाद पेटला होता, गिअर आपोआप बदलणारे आहेत की हातानं टाकायचे. रविवारची दुपार होती, मी तांदूळ निवडत होते. त्यानं फीत लावायला सांगितली. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा. मग डोळे मिटले आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. स्वतःचं तोंड पुसता येत नाही त्याला, म्हणून मी उठले. तो म्हणाला, "ताई, थांब. हा चंद्या हाये."

मला वाटलं, भ्रम झाला. त्यानं मला ऐकायला शिकवलं. वळणाच्या आधी गाडी मंदावते, आवाज क्षणभर मोकळा सुटतो, आणि त्या फटीत दोन झटके येतात, आधी हलका, मग दमदार. यंत्र असतं तर एकदाच, मापात केलं असतं. नव्या गाडीला याची गरजही नाही. पण हाताची सवय, ती कशी जाईल? चौथ्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ऐकू आलं. चंदन, मी तांदळाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले.

गाडीचं कोडं सुटलं म्हणून तो रडत होता असं मला वाटलं. तसं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा एकच बोलत होता, "म्हनजे त्याले परत गाडीवर घेतलं. ताई, त्याले परत घेतलं." तुझी चौकशी मिटली हे आम्हाला असं कळलं.

मी म्हटलं, मग लिहू का ग्रुपवर, की गिअर हाताचेच आहेत? सगळे तुझ्याच उत्तराची वाट पाहताहेत. तो इतका घाबरला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "नोको. मी बरोबर सांगतलं का ते पुन्हा त्याच्याचकडे बोट दाखवतीन." मग त्यानं मला जे लिहायला लावलं ते मी लिहिलं: आवाज नीट ऐकला, गिअर आपोआप बदलणारेच असावेत. उन्हाळ्यात उघड्या काचेतून कोणीतरी काढलेला त्या गाडीचा फोटो आला, त्यात गिअरचा दांडा स्पष्ट दिसत होता. लोकांनी शिवमची फार टर उडवली. अमरावतीच्या मास्तरांचे कान गेले, असंही एकानं लिहिलं. मी चिडून उत्तर लिहायला घेतलं तर त्यानं मानेनं नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी ग्रुप दुसऱ्याच्या हाती सोपवला आणि बाहेर पडला.

हे तुला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. तू जे केलंस ते नोकरी वाचवायला केलंस, आणि ते वाचवायलाच हवं होतं, काकू तुझ्याच भरवशावर आहेत. पण एका माणसाविषयी तुझ्या मनात जे खोटं बसलंय ते तसंच राहू देणं मला जमेना.

आता तो फार हळू बोलतो. शब्द जिभेवर घसरतात. नत्थुजींना अर्धं कळतं, मला जवळजवळ सगळं. मागच्या महिन्यात रात्रंदिवस धाप लागू लागली, म्हणून पुन्हा नागपूरला नेलं. पोळा झाला की त्याच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवणार आहेत. त्यानं विचार करून हो म्हटलं आहे. नळीनं श्वास सोपा होईल. मात्र त्याचं बोलणं त्यानंतर परत येईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मी अकोल्याला गेले होते ती याच कामासाठी. तिथल्या एका डॉक्टर बाई अशा रुग्णांचा आवाज आधीच भरून ठेवायला मदत करतात. माणूस आपल्या आवाजात काही वाक्यं बोलून ठेवतो आणि पुढे बोट किंवा डोळा हलवून ती ऐकवता येतात. त्यांनी मला यंत्र दिलं आणि कसं करायचं ते दाखवलं. गेले चार दिवस शिवम थोडं थोडं बोलतो आहे. पाणी दे. कूस बदल. खिडकी उघड. नत्थुजींना, घरी जा, उशीर झाला. त्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक वाक्य आहे. माझ्यासाठी काय आहे ते सांगत नाही, ते माझंच राहू दे. काल संध्याकाळी, सगळं झाल्यासारखं वाटल्यावर, मी विचारलं, चंदनसाठी काही बोलून ठेवायचं का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "त्याच्यासाठी कायले भरून ठेवू? तो येईन नं. आला का बोलीन त्याच्यासंगं." पोळा दोन आठवड्यांवर आहे, चंदन. त्याला मी हे पत्र लिहिते आहे हे माहीत नाही. तू येशील याची त्याला खात्री आहे. मला नाही, म्हणून लिहिलं.

तुझीच,
पौर्णिमाताई