निळी वही आणि बंद लॅपटॉप

४ नोव्हेंबर
शी! कसला तो कीबोर्ड — चिकट, हजार हातांचा. बोट लावलं की धोतराला पुसावंसं वाटतं. सातवी पास माणूस मी, या वयात परतूरच्या कॉम्प्युटर क्लासात पोरींच्या मधे जाऊन बसलो. मास्तरीण गंधाली, नातीच्या वयाची. हजेरी घेताना सरळ "बद्रीनाथ आजोबा!" अंगावर काटा आला. पुष्पाने बेचाळीस वर्षांत माझं नाव घेतलं नाही. "ऐकलं का," नाहीतर "वंदनाचे बाबा". आता ती नाही, तर कुणीही उठून घेतं.

कशाला गेलो? तिच्या लॅपटॉपसाठी. श्रावणात ती गेली, तेव्हापासून तो बंद पडून आहे. उघडला की पासवर्ड मागतो. आत हळदीची गाणी आहेत, तिने स्वतः म्हणून भरून ठेवलेली. वंदनाची लेक कल्याणी, तिचं लग्न तेवीस तारखेला. फोनवर रडायला लागली — "आजोबा, हळदीला आजीचाच आवाज पाहिजे."

६ नोव्हेंबर
डाऊनलोड म्हणजे खाली घेणे, अपलोड म्हणजे वर चढवणे. खाली कुठे? वर कुठे? "इंटरनेटवर, आजोबा." आणि ते कुठे आहे? "सगळीकडे." देवाबद्दल असं बोलतात!

पुष्पाही गंधालीकडेच शिकली, म्हणून तिला पासवर्ड विचारला. हसली. "मला कसा म्हाईत असंल? पासवर्ड कुणालाच सांगायचा नसतो." बायकोने नवऱ्यापासून लपवायचं, याला हे लोक शिक्षण म्हणतात.

७ नोव्हेंबर
विठ्ठल. वंदना. कल्याणी. टेंभुर्णी — तिचं माहेर. चूक, चूक, चूक, चूक.

९ नोव्हेंबर
दुकानात नेला. दुकानदाराच्या तोंडात गुटखा. "फॉरमॅट मारावं लागंल, बाबा. आतलं समदं जाईल, पण मशीन बिलकुल नवी!" मशीन काय चाटायची आहे मला? बोलता बोलता लाल थेंब झाकणावर उडाला. तिच्या लॅपटॉपवर! धोतराच्या सोग्याने पुसला, घरी येऊन सोगा धुतला.

जावई फोनवर म्हणाले, पुढच्या रविवारपर्यंत बघू, मंग फॉरमॅटच करून टाकू. जसं काही घर झाडायचं आहे.

१२ नोव्हेंबर
तिची क्लासची निळी वही सापडली. पिठाच्या डब्यामागे. माझ्यापासून लपवलेली, दुसरं काय! क्लासला निघाली तेव्हा चार बायकांसमोर म्हणालो होतो, "म्हातारपणी कलेक्टर व्हायचंय का?" आज आठवलं आणि स्वतःचीच किळस आली.

एका पानावर तिने लिहिलंय —

फाईल : पुरचुंडी.
फोल्डर : पुरचुंड्या ठेवायचा डबा.
सेव्ह : केल्याबराबर करायचं, न्हाई तर केलेलं जातं.
रिसायकल बिन : टाकलेलं, पण घंटागाडीत न गेलेलं. परत घेता येतं.
पासवर्ड : जे तोंडानं कधी घ्यायचं न्हाई, पण इसरायचं बी न्हाई.

गंधालीचं आठवड्याचं बोलणं या एका पानात. पण पासवर्ड काही लिहिला नाही बाईने! रागाने वही फेकली. मग उचलली, झटकली.

१५ नोव्हेंबर
उद्या रविवार. जावई दहाला येऊन लॅपटॉप नेणार. पिशवीत भरून दाराशी ठेवला. वही वाचली. परत वाचली. शेवटच्या ओळीवरच अडकतो.

१६ नोव्हेंबर
सकाळी सातला पिशवीतून काढला. एकेक अक्षर शोधत माझं नाव टाईप केलं. उघडला!

पहिल्या फाईलीत गाण्याच्या आधी ती म्हणते, "ऐकलं का, जरा रेडिओ बंद करा."

उठून पाहिलं. बंदच होता.