गोधडीखालचा कॉम्प्युटर

घोटावडे, ता. मुळशी
घटस्थापनेआधीचा रविवार, २००८

तीर्थरूप वन्सं यांच्या चरणी रजनीचा नमस्कार.

एवढी पहिली ओळ तरी बिनचूक जमली असेल अशी आशा आहे. लग्न होऊन बार्शीला आले तेव्हा कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला इंग्रजीत राणीलासुद्धा पत्र लिहायला शिकवलं होतं, पण परगावी गेलेल्या सासऱ्यांना कसं लिहायचं ते येत नव्हतं. तुम्ही मला माजघरात पाटावर बसवून मायना शिकवलात, आणि मी लिहिलेला पहिला कागद हसू दाबत चुलीत घातलात. तो कुणाला दाखवला नाहीत, याबद्दल मी आजही तुमची ऋणी आहे. गुडघा कसा आहे? तेल लावता का, की नुसतीच बाटली जवळ ठेवता? तुमचे बंधू मजेत आहेत. अंगणात टोमॅटो लावले आहेत, त्यांतले निम्मे माकडं खातात आणि उरलेल्यांना 'आपले' म्हणायचं.

आता किमयाबद्दल. गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही म्हणालात की तिची कंपनीतली मुदत दसऱ्याला संपतेय, तेव्हा स्वतः येऊन तिला बार्शीला घेऊन जाणार. इंजिनिअर झालेली लेक मामाच्या घरी दिवसभर गेम खेळते, त्यापेक्षा गावातल्या शाळेत गणित शिकवलेलं काय वाईट, असंही म्हणालात. वन्सं, ती गेम खेळत नाही. गेम आपला आपणच खेळतो, ती फक्त बघत बसते. (हे लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की यानं तिची बाजू काही फारशी सावरत नाही. तर नीट सांगते.)

कॉम्प्युटरमध्ये चित्र काढणारं एक कार्ड असतं, आणि त्याला आपलं म्हणणं समजावणारा एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्याकडच्या लिनक्स नावाच्या व्यवस्थेत हे दुभाषे जगभरची माणसं आपापल्या घरी बसून लिहितात, आणि नवा दुभाषा जुन्यापेक्षा चपळ आहे की नाही ते तपासायला गेमइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. म्हणून आधी कुणीतरी खेळून ठेवलेला खेळ पुन्हा पुन्हा चालवायचा आणि सेकंदाला किती चित्रं निघतात ते बघायचं. सकाळी जुना ड्रायव्हर, दुपारी नवा. हिंजवडीच्या कंपनीनं किमयाला हेच काम, तिची पारख होईपर्यंत, घरून करायला दिलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या चंद्राबाईंना हे माझ्याआधी कळलं. केर काढता काढता रोज त्या खेळातल्या बंदूकवाल्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बाई, त्यो बघा, परत तितंच जाऊन मेला. रोज मरतुया, पर शिकत काईच न्हाई."

चालू परीक्षेत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, असा किमयाचा कडक नियम. दुपारी नवा ड्रायव्हर लावून, खेळ सुरू करून ती जोडीचं काम म्हणून लवळ्याच्या कॉलेजात तास घ्यायला जायची. आता आमच्या घरापुढचा रस्ता तुम्ही पाहिला आहे. जेवणं झाली की कारखान्यांचे ट्रक सुरू होतात आणि धूळ अशी येते की चहात साखर आधी पडली की माती, ते कळत नाही. आणि तुम्ही आषाढात कॉम्प्युटरसाठी शिवून पाठवलेली ती गोधडी! आजींच्या नऊवारीचे थर, आत जुनी शाल, कडेला लाल दोरा, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत पोचणारी. टीव्ही झाकलेला, मिक्सर झाकलेला, आणि घरातली सगळ्यात नाजूक वस्तू उघडी? मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. नुसती वरून गोधडी घातली, पडदा तेवढा उघडा ठेवला. संध्याकाळी दिवेलागणीआधी घडी करून कपाटात. (झाकणं अंधारापूर्वी घडी व्हायला हवीत, हे सिस्टरांचं. आपल्या सासूबाईंचंही तेच होतं. दोघींची भेट झाली असती तर माझं काही खरं नव्हतं.)

आतून तो बिचारा उकडून निघत होता, आणि उकडलं की तो जपून, हळू काम करतो, हे मला कोण सांगणार? रोज सकाळी जुना ड्रायव्हर हरणासारखा धावायचा आणि दुपारी नवा पाय ओढायचा. किमयानं चार दिवस खात्री करून घेतली आणि इंटरनेटवर जगजाहीर लिहिलं की नवा ड्रायव्हर मंद आहे. तो लिहिणारे फिनलंडचे एक गृहस्थ. त्यांनी नम्रपणे कळवलं की माझ्याकडे तर छान चालतोय. पोरगी हट्टाला पेटली. (हट्ट कुणाकडून आला ते मी लिहीत नाही.) कंपनीतले साहेबही ही चर्चा वाचत होते. म्हणजे तिची नोकरी, आणि तुम्ही तिला नेणार की नाही, हे सगळं त्या एका उत्तरावर येऊन टेकलं.

आणि एका दुपारी तिचा तास रद्द झाला. ती घरी आली तेव्हा मी शेजारी बसून लसूण सोलत होते, आणि गोधडीखालून आमचा कॉम्प्युटर बाळंतिणीसारखा शेक घेत होता. किमया दारातच जमिनीवर बसली. रागावली नाही, वन्सं. तिनं गोधडीला हात लावून बघितला आणि एवढंच विचारलं, "मामी, रोज?"

मी म्हटलं, रोज. मग रडू आवरत मी तिला सुचवलं की गोधडीचं नाव काढू नकोस, विजेचं काहीतरी झालं म्हण, मुळशीतली वीज काय, कसलाही दोष घ्यायला तयारच असते. तर ती म्हणाली, "आकडे खोटे नव्हते मामी, कारण खोटं होतं. ते लिहायलाच हवं." आणि तिनं लिहिलं. आईनं शिवलेली गोधडी, मामीनं घातली, चूक माझी, सगळं. मी देवासमोर जाऊन बसले, तुमच्या बंधूंनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरले.

उत्तर आलं ते असं. त्या गृहस्थांनी विचारलं की गोधडी काढल्यावर वेग परत येतो का? किमयानं मुद्दाम दोन्ही ड्रायव्हर गोधडीखाली घातले. जुना गोधडी काढताच ताळ्यावर आला. नवा मात्र गार झाल्यावरही तसाच रेंगाळत राहिला, तापातून उठलेला माणूस कामाला जायची टाळाटाळ करतो तसा. ती खरी चूक होती, वन्सं, आणि ती कुणालाच सापडली नव्हती, कारण जगात कुणीच कॉम्प्युटरला गोधडी घालून परीक्षा घेत नाही! गृहस्थांनी ती दुरुस्त केली. साहेबांनी किमयाला शुक्रवारी बोलावून कायम केलं. म्हणाले, आपली चूक अशी चारचौघांत मांडणारी माणसं आम्हाला हवीत. माझ्या चुकीचं श्रेय तिला मिळालं, पण घरातच राहिलं.

इतकी वर्षं मी तुमच्याकडून घेतच आले. मायना, पुरणाचं प्रमाण, धावदोरा, आणि आता दोन वर्षं तुमची लेक. आम्हा दोघांच्या घरात तिचा आवाज आहे म्हणून संध्याकाळ होते. एवढं म्हणायला एवढं लांब लिहावं लागलं.

तुमची भावजय,
रजनी

ता. क. दसऱ्याला जरूर या, पण तिला न्यायला नको, राहायला या. येताना जुन्या नऊवारी आणा. फिनलंडच्या गृहस्थांना परीक्षेसाठी तशीच गोधडी हवी आहे, तितकेच थर, आत शालच. मी शिवायला बसले होते, पण माझा धावदोरा तुम्हाला ठाऊक आहे.

ता. क. २. दुरुस्तीच्या नोंदीत आभार मानायची त्यांची पद्धत आहे. त्यात किमयाच्या नावाखाली 'तुळजाबाई, बार्शी' असं आलं आहे. जगात कुणीही ती उघडली की तुमचं नाव दिसतं. मी कागदावर छापून घेतलं आहे, तुम्ही आलात की देईन. चुलीत घालू नका.

ता. क. ३. गेल्या आठवड्यात तुम्हाला फोनवर गेमचा आवाज ऐकू आला आणि तुम्ही 'खेळतेय ना?' विचारलंत, तेव्हा मी 'हो' म्हटलं ते खरंच होतं. फक्त किमया तेव्हा लवळ्याला होती, आणि त्या दिवशी परीक्षा नव्हती. बर्फावरून पोटावर घसरणारा एक पेंग्विन आहे, त्याला मासे गोळा करायचे असतात. शेवटच्या वळणावर तो रोज झाडावर आपटतो. चंद्राबाई म्हणतात, मीही शिकत काईच न्हाई.